एम.एस्सी.ला मुली भरपूर, मग पुढे त्या जातात कुठे?

प्रश्न: मी एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे. आमच्याकडे विद्यापीठमान्य संशोधन केंद्र आहे. एम.एस्सी.च्या वर्गात दरवर्षी निम्म्याहून जास्त मुली असतात, पण विभागातल्या नऊ शिक्षकांत स्त्रिया दोनच. गेल्या काही वर्षांत तीन मुलींनी पीएच.डी. अर्धवट सोडली. एक लग्नानंतर दुसऱ्या शहरात गेली, दोघी बाळंतपणानंतर परतल्याच नाहीत. सध्या आमची एक विद्यार्थिनी गरोदर आहे, तिसरा महिना सरत आलाय. तिचे गाइड म्हणतात, ‘तिला आता लॅबमध्ये येऊ देऊ नका, उगाच जबाबदारी नको.’ महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी लिंगभाव समानतेचा आराखडा हवा म्हणून प्राचार्य ८ मार्चला व्याख्यान आणि रांगोळी स्पर्धा घ्या म्हणतात. मला खरोखर काही करायचं आहे. कुठून सुरुवात करू? शिवाय सहकारी विचारतात, मुलींना एवढ्या सवलती दिल्या तर मुलांनी काय करायचं?

उत्तर:

सर,

आराखडा पंधरा दिवस उशिरा झाला तरी चालेल, त्या मुलीचं काम थांबून चालणार नाही. म्हणून आधी तिचंच बघू.

गाइडची काळजी खरी आहे, पण उपाय चुकीचा आहे. सरसकट लॅबबंदी केली की तिचं वर्ष वाया जातं आणि बाटल्यांमधला धोका विभागात होता तिथेच राहतो. त्याऐवजी ती, गाइड आणि तुम्ही असे तिघं एक तास बसा. तिचे उरलेले प्रयोग एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर लागणारी रसायनं लिहा. मग प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक काढून त्यातला धोक्यांचे संकेत देणारा दुसरा भाग बघा. एच ३६० हा संकेत असेल तर ते रसायन प्रजननक्षमतेला किंवा गर्भाला हानी करू शकतं, एच ३६१ असेल तर तसा संशय आहे, एच ३६२ असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळाला धोका आहे. एच ३४० आणि एच ३५० हे जनुकीय दोष आणि कर्करोगाचे संकेत. डीएमएफ, एनएमपी, फॉर्मामाइड, २-मेथॉक्सिइथेनॉल आणि शिशाची संयुगं एच ३६० च्या गटात येतात. टोल्युइन आणि एन-हेक्झेन संशयाच्या गटात. बेंझीन तर कुणीच उघड्यावर हाताळू नये.

आता यादीचे तीन भाग पाडा. काही प्रयोग रसायन बदलून करता येतात. संयुगं वेगळी करायच्या रोजच्या कॉलमला हेक्झेन–इथिल ॲसिटेट वापरत असाल तर हेक्झेनच्या जागी एन-हेप्टेन घ्या. संयुगं जवळपास तशीच वेगळी होतात, फक्त नंतर तो द्रावक रोटाव्हॅपवर उडवायला थोडा जास्त वेळ लागतो. पेट्रोलियम ईथर घेऊन हेक्झेन टळत नाही, कारण बहुतेक वेळा तो त्यातच असतो. काही प्रयोग दुसऱ्याने करावे लागतील. ते कोण करणार आणि शोधनिबंधात त्याचं नाव कुठे येणार हे त्याच बैठकीत लिहून ठेवा, म्हणजे प्रसूतीनंतर परत आल्यावर पहिल्या लेखकाच्या जागी आपलं नाव नाही असं तिला दिसणार नाही. तिसरा भाग टेबलावर बसून करायचा, तो तिने आत्ता उरकायचा: एनएमआरचं विश्लेषण, डॉकिंग किंवा डीएफटीची गणितं, साहित्याच्या आढाव्याचं प्रकरण, पूर्ण झालेल्या संयुगांची पूरक माहिती. कोणतं काम चालू ठेवायचं हे ती आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवेल. तिच्या वतीने गाइडने ठरवायचं नाही.

हातमोजे घातले की झालं, असा समज बऱ्याच लॅबमध्ये असतो. पातळ नायट्राइल मोज्यातून डायक्लोरोमिथेन मिनिट-दोन मिनिटांत आरपार जातं. डीएमएफसाठीही ते मोजे पुरे पडत नाहीत, तिथे ब्यूटाइल रबरचे लागतात. फ्यूम हूडचा, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाचा, पंखा आवाज करतो म्हणजे तो हवा ओढतोच असं नाही. काच कामाच्या उंचीवर ठेवून तोंडाशी हवेचा वेग मोजा, तो सेकंदाला साधारण अर्धा मीटर हवा. हूडमध्ये बाटल्यांचं कपाट झालं असेल तर आधी तो रिकामा करा, कारण मागची फट झाकली गेली की वाफ उलटी तोंडाकडे येते.

आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. गर्भाचे अवयव गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडतात. आपल्याकडे पहिले तीन महिने गोड बातमी बाहेर सांगायची नाही असा रिवाज. म्हणजे विभागाला कळतं तेव्हा सर्वांत नाजूक काळ उलटून गेलेला असतो. त्यामुळे ही रसायनांची यादी गरोदर मुलीपुरती ठेवू नका. ती भिंतीवर लावा, पहिल्या दिवसाच्या सुरक्षा प्रशिक्षणात सर्वांना द्या, मुलांनाही. शिशासारख्या विषांचा परिणाम शुक्राणूंवरही होतो.

यानंतर रजेचा कागद. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) पीएच.डी. नियमांप्रमाणे विद्यार्थिनीला संपूर्ण पीएच.डी.च्या काळात प्रसूती आणि बालसंगोपन मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देता येते. ती आपोआप लागू होत नाही. अर्ज द्यावा लागतो, गाइडची शिफारस लागते, संशोधन केंद्राची सही लागते आणि विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडून तारखांसह आदेश यावा लागतो. गाडी अडते ती इथेच. गाइड प्रेमाने म्हणतात, ‘बाळाकडे बघ, सावकाश ये, मी आहे ना.’ मुलगी घरी जाते. हजेरीत खाडा पडतो, दर सत्राला सल्लागार समितीपुढे द्यायचा प्रगती अहवाल चुकतो, फेलोशिपचा हप्ता अडकतो आणि मुदतवाढ मागायची वेळ येते तेव्हा ती रजेवर होती याचा एकही पुरावा नसतो. दोघी बाळंतपणानंतर परतल्या नाहीत असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या फायली काढून बघा, रजेचा आदेश आहे का. नसला तर त्या परतल्या नाहीत एवढंच म्हणून भागणार नाही. परत येण्याची वाट विभागाने उघडी ठेवली नव्हती, असंही म्हणावं लागेल.

फेलोशिप कुणाची आहे त्यावर पैशाचं गणित ठरतं. केंद्र सरकारच्या प्रकल्पांतल्या ज्युनिअर आणि सीनिअर रिसर्च फेलो (जेआरएफ, एसआरएफ) आणि रिसर्च असोसिएट यांना केंद्राच्या नियमांप्रमाणे प्रसूती रजा मिळते. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिपचे नियम त्या त्या संस्थेचे. म्हणून सहाव्या महिन्याच्या आतच ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा. रजेच्या काळात महिन्याकाठचे ३७ किंवा ४२ हजार थांबले, तर घरचे लोक सहज म्हणतात की आता पुरे. पीएच.डी. सुटण्यात त्या वाक्याचा वाटा मोठा असतो.

आता गेलेल्या तिघींकडे वळू. त्यांची नोंदणी कधीची आहे ते आधी बघा. ७ नोव्हेंबर २०२२ नंतरची असेल तर सहा वर्षं, पुनर्नोंदणीची दोन आणि स्त्रियांसाठी आणखी दोन, अशी एकूण दहा वर्षांची कमाल मर्यादा आहे. त्याआधीची असेल तर २०१६ चे नियम लागू पडतात. त्यात सहा वर्षांवर स्त्रियांना दोन वर्षांची सूट होती आणि २४० दिवसांची रजाही होती. तारखा मांडून बघितल्यावर तिघींपैकी एखादीची मुदत अजून शिल्लक निघेल. तसं असेल तर तिला स्वतः फोन करा, कारण असा फोन बहुधा तिला आजवर कुणी केलेला नसतो.

लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या मुलीसाठी २०२२ च्या नियमांत थेट तरतूद आहे. ती ज्या संस्थेत जाणार असेल तिथे आपली संशोधनाची माहिती नेऊ शकते. अट अशी, की ते काम मूळ संस्थेला किंवा गाइडला मंजूर झालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं, आणि आधी झालेल्या कामाचं श्रेय मूळ संस्थेला व गाइडला द्यावं. खरी अडचण नवीन गाइड मिळण्याची असते. प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे रिकामी जागा शोधायला महिने जातात. तोवर नोंदणी तुमच्याकडेच ठेवून तिकडचा सहमार्गदर्शक जोडणं सोपं पडतं. मुलगी जायच्या आधी तिच्या वह्या, एनएमआरच्या मूळ फायली आणि संयुगांच्या नमुन्यांची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. हे राहिलं की वर्षभराने ‘तो स्पेक्ट्रम कुठंय’ यावरून भांडण होतं आणि मुलगी काम सोडून देते.

खंड पडलेल्यांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची स्त्री संशोधकांसाठीची वाइज-किरण योजना आहे, त्यात पीएच.डी.साठी आणि पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी वेगवेगळे प्रकार आहेत. विषय जैवतंत्रज्ञानाकडे झुकत असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर योजना बघा. नेट-जेआरएफच्या वयोमर्यादेत स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची मर्यादा ३५ वर्षांची, तिथेही स्त्रियांना पाच वर्षं जास्त. तिशीतल्या अनेक मुली ‘आता वय गेलं’ म्हणून जाहिरात उघडतच नाहीत. हे सारं एका पानावर छापून विभागाच्या फलकावर लावा.

शिक्षकांची कायम पदं तुमच्या हातात नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण तासिका तत्त्वावरच्या नेमणुका, प्रकल्पावरचे जेआरएफ, गाइडवाटप, परिषदेला कुणाला पाठवायचं आणि कुणाला वक्ता म्हणून बोलवायचं, हे सगळं विभागातच ठरतं. पुढच्या मोठ्या निवडीसाठी लागणारा बायोडेटा याच छोट्या निवडींतून बनतो.

निवडीत घोळ कसा होतो ते तपासून झालेलं आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दाखवला गेला. निम्म्यांच्या प्रतीवर पुरुषाचं नाव होतं, निम्म्यांच्या प्रतीवर स्त्रीचं. पुरुषाला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला, स्त्रीला २६,५०८. स्त्री प्राध्यापकांनीही तसंच केलं. म्हणून निवड समितीत एक बाई बसवली की काम झालं असं धरू नका. उपयोग कशाचा होतो, ते कॅनडाच्या आरोग्य संशोधन निधीच्या अनुभवातून दिसतं. जिथे प्रस्तावातल्या विज्ञानाला गुण होते तिथे स्त्री-पुरुषांच्या यशाच्या प्रमाणात ०.९ टक्क्याचाच फरक पडला, आणि जिथे मुख्य संशोधकाच्या कुवतीला गुण होते तिथे तो ४ टक्के झाला. ‘कुवत’, ‘तयारी’, ‘झोकून देण्याची वृत्ती’ असे सैल निकष आले की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे ओळखीच्या संशोधकाचा चेहरा येतो, आणि तो बहुधा पुरुषाचा असतो.

तेव्हा मुलाखतीआधी निकष आणि गुण लिहून ठेवा. जेआरएफच्या जागेसाठी, उदाहरणार्थ, विषयज्ञान ३०, उपकरणांचा हात ३०, लेखन २०, प्रकल्पाबद्दलचे प्रश्न २०. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येक सदस्याने आपले गुण लिहून सही करायची. हा क्रम मोडू देऊ नका, नाहीतर पहिला बोलणारा ज्येष्ठ माणूसच निकाल लावतो. ‘लग्न कधी करणार?’, ‘नवरा कुठे असतो?’, ‘मूल लहान आहे, जमेल का?’ हे प्रश्न कुणी विचारले तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवायचे. ‘शनिवारी यावं लागेल, जमेल का?’ हा प्रश्न चालेल, पण तो मुलांनाही विचारला तरच. अर्जात खंडाचे महिने लिहायला एक ओळ द्या आणि शोधनिबंध प्रत्यक्ष कामाच्या वर्षांच्या हिशोबाने मोजा.

शिफारसपत्रांकडे सहसा कुणी बघत नाही. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यालयातल्या तीनशेहून अधिक पत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं आखूड होती आणि त्यांत शंका निर्माण करणारी वाक्यं जास्त होती. आपल्या विभागातली पत्रं काढून वाचा. मुलीच्या पत्रात बहुधा असतं: ‘कष्टाळू, मनमिळाऊ, वेळेवर येणारी, सर्वांना मदत करणारी.’ मुलाच्या पत्रात: ‘स्वतंत्र विचार, उत्तम संशोधक.’ परदेशातला निवड करणारा पहिलं पत्र वाचून समजतो, की मुलगी चांगली साहाय्यक होईल. त्याऐवजी काम लिहा: ‘अशुद्धी वेगळी करण्यासाठी एचपीएलसीची पद्धत तिने एकटीने बसवली, तीन स्तंभ तपासून त्यातला एक निवडला, तीच पद्धत आता विभागात सगळे वापरतात.’ तिच्या लग्नाचा, घरच्या जबाबदाऱ्यांचा उल्लेख कौतुकानेही करू नका.

त्या दोन शिक्षिकांचा हिशोबही कागदावर मांडा. स्नेहसंमेलन, पाहुण्यांचं स्वागत, औक्षण, मुलींच्या तक्रारी, सूत्रसंचालन ही कामं फिरून फिरून त्यांच्याकडेच येतात. खरेदी समिती, वेळापत्रक, उपकरणाची जबाबदारी पुरुषांकडे जाते. या दोन याद्यांचं वजन सारखं नाही. एचपीएलसीसारखं उपकरण ज्याच्या ताब्यात, त्याच्याकडे नमुने येतात, सहलेखन येतं, प्रशिक्षणं येतात. स्वागत समितीतून यातलं काही मिळत नाही. सत्राच्या सुरुवातीला शिकवण्याव्यतिरिक्तची सर्व कामं तासांसह एका तक्त्यात मांडा आणि दोन वर्षांनी आळीपाळीने बदला. शिक्षिका प्रसूती किंवा बालसंगोपन रजेवर गेल्या असतील तर आणखी एक नियम लक्षात ठेवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पदोन्नतीसाठी अध्यापन आणि इतर कामांची श्रेणी ठरवताना मंजूर रजेचा काळ वगळायचा असतो. उरलेल्या काळाच्या कामावरून पूर्ण मुदतीची श्रेणी काढायची. पदोन्नतीच्या योजनेची (कॅस) फाइल करताना हे कलम सोबत जोडा. नाहीतर कार्यालय रजेच्या वर्षापुढे शून्य टाकून मोकळं होतं.

उपकरणांच्या वेळा तपासा. संध्याकाळी पाचनंतरचे स्लॉट गावात राहणाऱ्या मुलांना मिळतात, कारण मुलींची शेवटची एसटी सुटायची असते किंवा वसतिगृहाचं दार बंद व्हायचं असतं. मुलींना रात्री थांबू नका म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा दिवसाचे स्लॉट आठवड्याच्या पाळीने वाटा, नमुने आपोआप घेणारा ऑटोसॅम्पलर असेल तर नमुने ठेवून जायची सोय करा, आणि रात्रीचं काम टाळता येत नसेल तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षकांना विभागाचं पत्र द्या. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मुलीसाठी कडी असलेली छोटी खोली, खुर्ची, प्लग पॉइंट आणि स्वतंत्र छोटा फ्रिज लागतो. लॅबच्या फ्रिजमध्ये दूध ठेवायला कधीही देऊ नका. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हे कायद्याने बंधनकारक आहे, हे प्राचार्यांना लेखी कळवा.

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत तक्रार समितीत बाहेरची सदस्य खरोखर आहे का, तिचा फोन लागतो का, हे एकदा स्वतः पाहा. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण पटलं तर आणखी तीन. विद्यार्थिनीची तक्रार गाइडविरुद्ध असेल तर यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे चौकशी चालू असताना त्या व्यक्तीला तिच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं. तेव्हा पर्यायी गाइड कोण, हे आधीच ठरलेलं असावं. ते ठरलेलं नसेल तर तक्रार म्हणजे पीएच.डी.वर पाणी असं मुलींना वाटतं, आणि त्या गप्प बसतात.

मुलांनी काय करायचं, या प्रश्नाला सरळ उत्तर द्या. गुणपत्रक, स्लॉटची पाळी, रसायनांची यादी, लेखकांच्या क्रमाचा लेखी करार, यातलं काहीही फक्त मुलींसाठी नाही. ज्या मुलाचा विभागात कुणी वालीच नाही, त्यालाही याचा तितकाच फायदा होतो. रजा आणि जास्तीची मुदत मुलींना मिळते, कारण गरोदरपण आणि बाळंतपण त्यांच्या वाट्याला येतं. पीएच.डी.चा दर्जा, व्हायवा, परीक्षक सगळ्यांना तेच.

प्राचार्यांच्या व्याख्यानाला विरोध करू नका. विषय जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी ठेवा. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून नाकारलं होतं, मग वर्षभराच्या परीक्षाकाळाच्या अटीवर घेतलं. पुढे त्यांनी केंब्रिजहून पीएच.डी. केली आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या. त्याच कार्यक्रमात विभागाचा पाच वर्षांचा एकत्रित तक्ता मांडा: एम.एस्सी.ला प्रवेश, पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) उत्तीर्ण, पीएच.डी. नोंदणी, प्रबंध सादर, पदवी, आणि त्यानंतर कुठे. प्रत्येक पायरीवर मुली किती, मुलगे किती, आणि नोंदणीपासून प्रबंधापर्यंत दोघांना किती महिने लागले. आकडे लहान असतील, म्हणून टक्के काढू नका, माणसंच मोजा आणि नावं टाकू नका. विज्ञान संस्थांतल्या लिंगभाव समानतेसाठीच्या केंद्राच्या गती प्रकल्पातही संस्थांनी असंच आधी स्वतःला मोजायचं असतं. हा तक्ता, रजेच्या आदेशाचा नमुना, निवडीचं गुणपत्रक आणि कामवाटपाचा तक्ता विभागाच्या बैठकीत मंजूर करून इतिवृत्तावर सह्या घ्या आणि महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे (आयक्यूएसी) द्या. रांगोळीचे फोटो हवेच असतील तर ते या फाइलच्या मागे लावा.

त्या विद्यार्थिनीच्या रजेचा अर्ज मात्र याच आठवड्यात विद्यापीठाकडे जाऊ दे. आवक क्रमांक मिळाला की त्याची एक प्रत तिच्या हातात द्या.